पाखरी घोडी वाटेत थांबली तेव्हा

फार जुन्या काळी, डोंगरांची नावंही अजून ठरायची होती तेव्हा, एका गडावर हैबतराव नावाचा किल्लेदार राहत होता. माणूस मनानं उदार आणि अंगानं ऐसपैस. त्याच्या लेखी माया म्हणजे खाऊ घालणं. पाहुणा आला की त्याला उठता येणार नाही इतकं वाढायचं, आणि तो उठू लागलाच तर हात धरून परत पाटावर बसवायचं.

हैबतरावाचा जीव दोघींवर होता. एक त्याची लेक सगुणा आणि दुसरी त्याची घोडी पाखरी. लेकीची आई लवकर गेली, म्हणून सगुणा लहानपणापासून बापाबरोबर पागेतच वाढली. पाखरी रोज गड उतरायची आणि चढायची. काम भरपूर आणि चंदी, म्हणजे हरभऱ्याचा दाणा, तोही भरपूर. तोवर सगळं ठीक होतं.

मग सगुणेचं लग्न ठरलं.

गडावर मांडव पडला, आचारी आले, सोयरे आले. हैबतरावाला गड उतरायला सवड राहिली नाही. पाखरी पागेत उभी ती उभीच. पण हैबतरावानं हुकूम सोडला, "घरात कार्य आहे. माणसं लाडू खाणार आणि माझ्या घोडीनं काय नुसतं बघत राहायचं? तिची चंदी दुप्पट करा!"

चंदी दुप्पट झाली. शिवाय येणारा-जाणारा पागेत डोकावून काहीतरी भरवायचाच. आत्याबाईंनी करंजी दिली. भटजींनी गुळाचा खडा दिला. आचाऱ्यानं बुंदीची परात पुसायला म्हणून तिच्यापुढे धरली.

सगुणेला हळद लागत होती, पण लक्ष पागेकडे होतं. ती बापाला म्हणाली, "आबा, काम नसलेल्या घोडीला एवढा दाणा नको. चंदी कमी करा, वैरण घाला. आणि रोज कुरणात तरी फिरवून आणा."

"लग्नाच्या मुलीनं हळदीत लक्ष घालावं, हरभऱ्यात नाही," हैबतराव म्हणाला आणि हसत हसत पंगतीकडे गेला.

लग्न थाटात लागलं. वरात निघायचा दिवस आला. सगुणा पालखीत बसली. तिचा सासरा सुभानराव आपल्या करड्या घोड्यावर बसला. नवा व्याही शिडशिडीत होता आणि त्याची जीभ धारदार. वऱ्हाडाला नदीपर्यंत पोचवायला हैबतराव पाखरीवर बसून आला. गडाच्या दरवाज्याशी सुभानरावानं घोडीला खालून वर न्याहाळलं.

"घोडी देखणी आहे हो, किल्लेदार. पण जरा सुटलेली वाटते. मालकावर गेली असावी."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. हैबतरावाचे कान लाल झाले.

"असं? मग चला, बघू या कोण सुटलंय ते! नदीकाठच्या उंबरापर्यंत!"

आणि त्यानं टाच मारली. अंग मोकळं करायला चार पावलं चालवणं नाही, दुडकी नाही. उभ्या घोडीला त्यानं एकदम भरधाव सोडलं.

पाखरीनं पहिली झेप झकास घेतली. दुसरीही घेतली. थोडं अंतर गेल्यावर तिचे मागचे पाय आखूड पडू लागले. ते पाय जणू दुसऱ्याच कोणाचे होते आणि तिनं ते उसने आणले होते. वाटेच्या अगदी मध्यावर ती गच्चकन थांबली. हैबतराव तिच्या मानेवर आपटला. त्याचं पागोटं मात्र सुभानरावाच्या मागोमाग बरंच पुढे गेलं.

"चल पाखरे! चल बाई!" हैबतराव म्हणाला. पाखरी हलली नाही. तिच्या अंगावरून घामाच्या धारा लागल्या. नाकपुड्या फुलल्या. मागचं अंग थरथरत होतं.

तेवढ्यात वऱ्हाड येऊन पोचलं, आणि मंडळी, ज्यानं उभ्या आयुष्यात घोड्याला चारा घातला नव्हता तोही घोड्याचा जाणकार झाला.

आत्याबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली!" त्यांनी तिथंच मीठ-मिरच्या उतरवून जाळल्या. त्या खकाण्यानं सगळं वऱ्हाड शिंकलं. पाखरी हलली नाही.

भटजी म्हणाले, "निघायची वेळ चुकली." आचारी म्हणाला, "पोटात कळ आली असणार. दोन चकरा मारा, मोकळी होईल." मग काही जणांनी पुढून लगाम ओढला आणि काही जणांनी मागून रेटा दिला. पाखरी कण्हली, पण तिनं पाऊल उचललं नाही.

सुभानराव उंबराला शिवून परत आला होता. "लबाड आहे हो," तो म्हणाला. "आम्ही असतो तर चाबूक दाखवला असता."

सगळ्यांदेखत लाज गेली होती. हैबतराव आजवर पाखरीला कधी ओरडलाही नव्हता, पण आज त्यानं चाबूक उचलला.

"आबा! हात खाली!"

पालखीचा पडदा बाजूला झाला आणि नवरी शालू सावरत वाटेवर उतरली. सगुणा सरळ घोडीपाशी गेली आणि तिच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, तळवा ठेवून उभी राहिली.

"आबा, इथं हात लावा."

हैबतरावानं हात लावला. त्या पुठ्ठ्यावरून त्याचा हात रोज फिरायचा. तिथं आज मऊ मांस नव्हतं. वाटणाच्या पाट्यासारखं कठीण काहीतरी हाताला लागलं. त्याच्या हातातला चाबूक गळून पडला.

तेवढ्यात पाखरीनं पाय फाकले आणि मूत टाकलं. ते काताच्या पाण्यासारखं काळपट तांबडं होतं. आता कोणी हसत नव्हतं.

"पोटात कळ असती तर ती वळून वळून पोटाकडे बघत राहिली असती, तिनं लोळायला बघितलं असतं," सगुणा म्हणाली. "ही लबाडी नाही आणि दृष्टही नाही. मागं आपल्या तांबड्या घोड्याला असंच झालं होतं, तेव्हा वैद्यांनी मला सगळं दाखवलं होतं. नुसतं उभं ठेवून दाणा चारला आणि मग एकदम पळवलं की मांस असं आखडून येतं. आता हिला एक पाऊलही चालवायचं नाही. ओढून चालवलं तर आतलं मांस आणखी तुटेल."

"पण वरात?" सुभानरावानं विचारलं.

"वरात इथंच थांबेल, मामंजी."

सासरी पाऊल टाकायच्या आधीच सुनेनं सासऱ्याला थांबवलं होतं. सुभानराव करड्यावरून खाली उतरला.

सगुणेनं खोगीर उतरवायला लावलं. घाम पुसून काढला. नदीवरून गार वारा सुटला होता आणि पाठीवर घालायला झूल नव्हती. तिनं इकडेतिकडे पाहिलं.

"मामंजी, तुमचा शेला द्या."

तो जरीकाठी शेला हैबतरावानं व्याह्याला सकाळीच मानानं दिला होता. सुभानरावानं एकदा शेल्याकडे आणि एकदा सुनेकडे बघितलं. मग तो काढून दिला. रुखवतातली हंडी-कळशी घेऊन बायका नदीवर गेल्या आणि घोडीपुढे पाणी आलं. नवरदेव मुंडावळ्या उडवत करड्या घोड्यावरून वैद्यांना आणायला गेला.

ऊन कलायच्या आत वैद्य आले. त्यांनी घोडी तपासली, औषध पाजलं आणि म्हणाले, "हलवली नाहीत, पाणी दिलंत, हे चांगलं केलंत. ओढत नेली असतीत तर हिचे पाय गेले असते, कदाचित जीवही. आता दाणा बंद, फक्त वैरण आणि पाणी. पण मला सांगा, उभ्या घोडीला इतकं चारलं कोणी?"

आत्याबाई नदीकडे बघू लागल्या. भटजींनी डोळे मिटले. आचारी परातीमागं गेला.

"मीच," हैबतराव म्हणाला. "मायेनं चारलं हो."

"तिच्या अंगाला माया कळत नाही, किल्लेदार. तिथं फक्त दाणा पोचतो."

वऱ्हाडानं तिथंच वाटेच्या कडेला चुली मांडल्या. हैबतरावापुढे पान आलं, पण त्यानं घासही घेतला नाही. असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. तो पाखरीच्या मानेवर हात ठेवून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तिचं मूत निवळलं, पुठ्ठे थोडे सैल झाले आणि दुपारी तिनं आपणहून गवताकडे पाऊल टाकलं. हैबतराव रडला. त्याला रडताना पाहून आत्याबाईंनी पुन्हा मीठ-मिरच्या काढल्या, पण सगळ्यांनी मिळून त्यांना आवरलं.

मग लेकीच्या निरोपाची वेळ आली. अशा वेळी बाप लेकीला चार गोष्टी सांगतो. इथं उलटं झालं.

"आबा, पुन्हा लगेच स्वार व्हायचं नाही. वैद्य सांगतील तेव्हा आधी हातात धरून फिरवायची, मग हळूहळू वाढवायचं. रोज थोडं तरी चाललंच पाहिजे. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी नाही, वैरणच. आणि पळवण्याआधी अंग गरम होईपर्यंत चालवायचं. कळलं?"

"कळलं," हैबतराव नाक ओढत म्हणाला.

"किल्लेदार," सुभानराव करड्याला थोपटत म्हणाला, "ही घरात आली म्हणजे आमच्या घोड्याच्या चंदीचंही आता खरं नाही."

त्यानंतर हैबतराव रोज सकाळी पाखरीचा लगाम धरून कुरणात चालू लागला. सुरुवातीला धाप घोडीला कमी आणि त्यालाच जास्त लागायची. सण आला की पाखरी त्याच्याकडे असं बघायची की त्याचा हात चंदीच्या पोत्याकडे जायचा. तो डोळे मिटायचा आणि पेंढी सोडून तिच्यापुढे गवत टाकायचा.

मोसम पालटला तेव्हा तो पाखरीवर बसून लेकीच्या गावाला गेला. गडापासून बराच वेळ तो नुसता चालीनं जात होता. बैलगाड्या त्याला मागे टाकून गेल्या, पोरं हसली, पण त्यानं टाच मारली नाही. घोडीचं अंग मोकळं झाल्यावर त्यानं लगाम सैल सोडला, आणि मग पाखरी अशी पळाली, की त्या सगळ्या बैलगाड्यांना तिची धूळच दिसली.

सगुणा दारात आली. तिनं आधी घोडीच्या पुठ्ठ्यांवरून हात फिरवला, ते मऊ आहेत याची खात्री केली, आणि मगच ती बापाच्या पाया पडली.

तात्पर्य: माया करावी ती आपल्या मनाला वाटेल तेवढी नव्हे, तर समोरच्या जिवाला पचेल तेवढी.