कर्ण्याची पाठ

कुईईईई! कर्णा पुन्हा किंचाळला आणि चिंचगडचे राजे रणधवल कानांवर हात ठेवून आसनावरून उठलेच.

"दिवाणजी, हा तिसरा कर्णा! आधीच्यांपेक्षा मोठा आणि बोंबही मोठी! शाहिरांचा एक शब्द तरी कळला का कुणाला?"

शाहीर भिवाजी म्हातारे झालेले. गळा अजून गोड, पण आवाज मैदानाच्या टोकाला पोचेना. म्हणून माइक आणि कर्णा आणला, तर ही तऱ्हा! राजे हट्टाला पेटले.

"उद्या दसरा. पोवाडा शेवटच्या रांगेत ऐकू आला तर ठीक, नाहीतर पोवाड्याचा मान शहरातल्या शाहिराला! आणि नव्या कर्ण्याला मिळतील फक्त पंचवीस रुपये. वर छदाम नाही!"

भिवाजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांची लेक येसू मात्र पदर खोचून पुढं आली. "आणते मी, महाराज!"

"पंचवीस रुपयांत?" दिवाणजी फिस्सकन हसले. "कर्णा पुसायचं फडकंसुद्धा येणार नाही!"

येसू बापाला घेऊन थेट पेठेत गेली.

"हा बघा ताई, केवढा थोरला! चार गावं दणाणतील," दुकानदार म्हणाला.

"दणाणायचंय कुणाला? आबा, गा बघू यातून."

आबा गायले. नुसतं धमधम! शब्द एक कळेल तर शपथ.

"हा नको. तो कोपऱ्यातला?"

"तो जुना हो, पोचे पडलेला..."

"आबा, गा!"

आणि काय सांगू! शब्द न् शब्द सुटा, निवडलेल्या तांदळासारखा. येसूनं अशी घासाघीस केली, की दुकानदारानं पंचविसात कर्णा दिलाच, वर लांबलचक तारही दिली आणि घाम पुसत बसला बिचारा.

दसऱ्याला राजे मंचावर बसले, पुढ्यात भिवाजी माइकसमोर उभे. येसूनं कर्णा मंचापुढं पार मैदानाच्या मध्यावर नेला आणि बांबूवर बांधला, तोंड लोकांकडं करून.

"अगं ए!" दिवाणजी किंचाळले. "महाराजांना पाठ? आजवर प्रत्येक कर्ण्याचं तोंड आम्ही अदबीनं महाराजांकडेच ठेवलं!"

"म्हणून तर बोंबलले ते!" येसू मंचापाशी येत म्हणाली. "कर्ण्यातला आवाज माइकात शिरायचा, माइकातला परत कर्ण्यात. बोंब नाही होणार तर काय आरती होणार?"

राजे खुदकन हसले, पण लगेच मिशी सावरली. "पोरी, पटलं. पण आम्हाला पाठ दाखवायची मुभा कुणालाच नाही. कर्णा फिरव, नाहीतर उतरव!"

भिवाजींनी डफ गुंडाळायला घेतला.

"महाराज," येसू म्हणाली, "स्वारी निघते तेव्हा सगळ्यांत पुढं कोण असतं?"

"चोपदार. ललकारी देत."

"तोंड कुणाकडं असतं त्याचं?"

"लोकांकडं! लोकांनाच तर ऐकवायचं..." राजे बोलता बोलता थांबले.

"आणि पाठ?"

येसूनं जवळच्या चोपदाराचा लाल फेटा उचलला, धावत जाऊन कर्ण्यावर चढवला आणि तिथूनच ओरडली,

"हा तुमचा नवा चोपदार, महाराज! शाहिरांचा शब्द लोकांना ऐकवायला पुढं उभा राहिलाय!"

राजे असे हसले, असे हसले, की त्यांचाच फेटा घरंगळला! डफ कडाडला, पोवाडा सुरू झाला, आणि शेवटच्या रांगेतून आरोळी आली, "ऐकू येतंय! चालू द्या!"

"पोवाड्याचा मान भिवाजींचाच, तहहयात!" राजे डोळे पुसत म्हणाले. "येसूला सोन्याचं कडं द्या. आणि दिवाणजी, नवा चोपदार आजपासून चाकरीत घ्या. त्याचा पगार दरमहा येसूच्या हाती द्यायचा!"