थोरल्या पट्टीचा हट्ट

यंत्राची करवत गावात नवी नवी आली होती, तेव्हाची गोष्ट. तातू मेस्त्रींच्या खुंटीवर करवतीच्या दोन पट्ट्या असत. रुंद थोरली ओंडके सरळ चिरायची. चिंचोळी धाकटी त्याच फळ्यांतून पोळपाटांचे गोल कापायची.

“मेस्त्री, एकदा तरी मला वळू द्या हो,” थोरली रोज विनवायची. शेवटी मेस्त्रींनी तिला गोल कापायला लावलंच. पहिल्याच वळणावर ती अडकली, धूर निघाला, फणसाची चांगली फळी करपली. मेस्त्रींनी तिला परत खुंटीवर टांगलं.

धाकटी हळूच म्हणाली, “ताई, मी दिवसभर फिरते आणि निघते तिथेच परत येते. तू तर आरपार जातेस. ओंडक्याच्या पलीकडे काय असतं गं?”

थोरलीने ते कधी पाहिलंच नव्हतं. पलीकडे पोचतानाही तिचे डोळे कोपऱ्यात रचलेल्या गोलांवरच असायचे.