स्टेपनीवरची लाल चिठ्ठी

शिरवळच्या कारखान्यात नवे डायरेक्टर घारपुरे आले आणि त्यांनी फर्मान काढलं, "वर्षभरात जे वापरलं नाही, त्यावर लाल चिठ्ठी लावा आणि भंगारात काढा." मोठ्या मशीनच्या जादा मोटरवर तर त्यांनी स्वतःच चिठ्ठी डकवली.

"साहेब, ती अडीनडीसाठी ठेवलीय," मेंटेनन्सप्रमुख मृण्मयी शेजवळ म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम."

संध्याकाळी साहेब साताऱ्याला निघाले, तर त्यांच्या गाडीची डिकी उघडी आणि आतल्या स्टेपनीवर लाल चिठ्ठी.

"हा काय प्रकार?"

"वर्षभरात एकदाही लागली नाही, असं तुमचा ड्रायव्हर म्हणाला. भंगारात काढतेय," शेजवळ शांतपणे म्हणाल्या.

"अहो, पुढे खंबाटकी घाट आहे. टायर फुटला तर?"

"सकाळी मोटरबद्दल मी हेच सांगत होते, साहेब."

साहेब आत गेले आणि मोटरवरची चिठ्ठी काढून आले. मगच त्यांना स्टेपनी मिळाली.