बोल्टांच्या शेपट्या

"अजून काय काढू, वस्ताद? तुम्हीच सांगा आता!"

पत्र्याच्या डब्यावर बसून दस्तगीर वस्ताद भाजलेल्या शेंगा फोडत होते.

इंद्रजित सरनोबत गाडीभोवती आणखी एक चक्कर मारून आला. कोल्हापूरजवळच्या माळावरचा छोटा ट्रॅक, शनिवारचा सराव, आणि उद्या क्लबची शर्यत. शर्यत म्हणजे काय, डॉक्टर, कापडवाले, कारखानदार अशी सगळी हौशी मंडळी. पण इंद्रजितला विचाराल तर उद्या जग बुडायचं होतं. सकाळपासून त्याचं बूड कुठे टेकलं नव्हतं.

"काय काय काढलंस?" वस्तादांनी विचारलं.

"कार्पेट, हॉर्न, दारांच्या आतलं अस्तर, स्टेपनी, जॅक. शेजारची सीट काढली. ब्रेकच्या पेडलला भोकं पाडली."

"आणि?"

"बोल्टांच्या शेपट्या कापल्या. नटाच्या बाहेर येतो ना, तेवढाच तुकडा. सगळे मिळून साडेआठशे ग्रॅम!"

किल्ला सर केल्याच्या थाटात सांगितलं बरं का.

"कशावर मोजलंस?"

"वाण्याच्या काट्यावर."

"झकास..." वस्तादांनी एक शेंग फोडली.

दोन सीटची ती लाल, बुटकी गाडी वस्तादांच्याच गॅरेजात जन्माला आली होती. इंजिन एका भंगारातल्या छोट्या गाडीचं, बाकी सगळं हाताने बांधलेलं. वस्तादांनी शिकवलं आणि इंद्रजित शिकला. शिकला आणि मग वस्तादांपेक्षा आपल्याला दोन गोष्टी जास्त कळतात, असंही त्याला वाटायला लागलं. वाटायचंच, वय असतं.

"वस्ताद, पन्नासच्या वर किलो उतरवलेत मी. एप्रिलमध्ये गाडी जड होती तेव्हा फेरीला एक मिनिट दहा सेकंद लागायचे. आज किती? एक बारा! हलकी गाडी हळू पळते, असं कधी ऐकलंय?"

वस्ताद शेंगा निवडत होते.

"तुम्ही बघत तरी होता का? सकाळपासून ट्रॅककडे पाठ करून बसलाय."

"ऐकत होतो."

इंद्रजितनं पटकन नजर चुकवली. का चुकवली, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मे महिन्यात बाभळीच्या वळणावर त्याची गाडी गरकन फिरली होती आणि मागची बाजू टायरांच्या भिंतीला जाऊन भिडली होती. त्याला साधा ओरखडा आला नाही. सगळ्यांनी पाठ थोपटली, चहा पाजला आणि विषय संपला. त्याचा मात्र संपला नव्हता. ते वळण आलं की हात गार पडायचे. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. शाल्मलीला एवढंच म्हणाला होता, की उद्या पहिल्या तिघांत आलो नाही तर गाडीवर कव्हर घालतो, ते पुन्हा काढायचं नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि ते त्याला फार लागलं होतं.

वस्ताद उठले. मांडीवरची टरफलं झटकली.

"सीट आण."

"कुठली?"

"काढलेली."

"चेष्टा करताय, वस्ताद? चौदा किलो आहे ती!"

"आण की रं. आणि एक हेल्मेट बघ माझ्या मापाचं."

"तुम्ही बसणार? सीट चौदा किलो, वर साठ किलोचे तुम्ही..."

"अठ्ठावन्न," वस्ताद म्हणाले.

सरावाला शेजारी माणूस बसवायला क्लबची ना नव्हती. इंद्रजितनं धुसफुसत चार बोल्ट आवळले. चारांच्याही शेपट्या कापलेल्या. वस्ताद गुडघे धरत आत शिरले, पट्टा लावला आणि लग्नाच्या पंगतीत बसावं तसे ऐसपैस बसले.

पहिली फेरी. सरळ रस्ता संपला, बाभूळ दिसली.

"उचललास," वस्ताद त्याच्या कानाशी ओरडले.

"काय?"

"ॲक्सिलरेटरवरचा पाय. बाभूळ दिसली की उचलतोस. हितनं वळण तीनशे फूट हाय, तरी उचलतोस."

इंद्रजितचे कान तापले. रागानं की लाजेनं, कोण जाणे. थांबावं, म्हाताऱ्याला उतरवावं आणि थेट घर गाठावं, असं त्याला वाटून गेलं. पण गाडी थांबली नाही.

दुसरी फेरी. पुन्हा बाभूळ.

"उचललास."

"वस्ताद, मला भीती वाटते!"

इतक्या मोठ्यांदा ओरडला की इंजिनचा आवाजही मागे पडला. चार महिने कोंडलेलं एकदाचं बाहेर पडलं.

वस्तादांनी मान हलवली, ती हो म्हणून की खड्ड्यामुळे, ते कळलं नाही.

तिसरी फेरी. सरळ रस्ता... बाभूळ... आणि इंद्रजित वाट बघत राहिला. आता म्हणतील. आता म्हणतील.

हात गारच होते. पण पाय जागचा हलला नाही. ब्रेक आपल्या वेळेला लागला, गाडी वळणात शिरली, मागची चाकं किंचित सरकली आणि परत लायनीवर आली. बाभूळ मागे पडली.

शेजारून आवाज नाही.

गाडी थांबली तेव्हा फेऱ्यांची वेळ टिपणाऱ्या घड्याळवाल्यानं कागद पुढे केला. तिसरी फेरी, एक मिनिट नऊ सेकंद.

इंद्रजितनं आकडा दोनदा वाचला. हेल्मेट काढलं, खाली उतरला, पुन्हा गाडीभोवती एक चक्कर मारली. डोळे भरून आले होते, ते पुसायचंही भान नव्हतं.

वस्ताद डब्यावर जाऊन बसले होते. ट्रॅककडे पाठ. पुढ्यात शेंगा.

"वस्ताद, उद्या शर्यतीत शेजारी कुणाला बसू देत नाहीत."

"ठाऊक हाय."

"सीट काढावी लागणार."

"काढ की."

"मग बाभूळ आली की 'उचललास' कोण म्हणणार?"

वस्तादांनी एक शेंग फोडली, त्यातला एक दाणा त्याच्या हातावर ठेवला.

"तिसऱ्या फेरीला कोण म्हणालं?"