भिंतीपुढचे धोंडे

एका खाडीच्या तोंडाशी, समुद्राला अगदी लागून असलेल्या गावात एकदा एक वृद्ध गवंडी राहत असे. गाव त्यांना तात्या म्हणे. बारा वर्षे त्यांच्या हाताखाली राबून धाकू नावाचा शिष्य तयार झाला होता. गावाची भातशेती भरतीच्या पातळीहून सखल होती. शेते आणि समुद्र यांच्यामध्ये मातीचा जुना बांध, एवढाच आडोसा. आदल्या वर्षीच्या उधाणात तो फुटला. सर्वांत पुढचे शेत भागीरथीमावशीचे. खारे पाणी त्यात दोन दिवस उभे राहिले आणि हाताशी आलेले भात जागच्या जागी करपले. मावशी रडली नाही; मोडक्या बांधावर बसून नुसती पाहत राहिली. धाकूने ते पाहिले आणि गावाला शब्द दिला, की इथे दगडाची भिंत मी उभी करीन.

सात महिने त्याने दुसरे काही केले नाही. काळा दगड घडवून, ओळंब्यात सरळ, सांध्यात सुरीचे पातेही शिरू नये अशी भिंत त्याने बांधली. शेजारच्या गावांतून लोक ती पाहायला येत. पावसाळ्यातली पहिली उधाणे येऊन गेल्यावर तात्याही आले. त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला, "सुरेख आहे," म्हणाले, आणि मग खाली बसून पायथ्याची वाळू चाचपत राहिले. तिथली वीतभर वाळू निघून गेली होती.

भाद्रपदातल्या अमावास्येचे मोठे उधाण आठ दिवसांवर आले, तेव्हा तात्यांनी गावाला गोळा केले.

"खाणीवरचं सगळं डबर गाड्यांतून आणा. घडवू नका, निवडू नका. भिंतीपुढे टाका, माथ्यापासून समुद्राकडे लांबवर उतार होईल असं."

धाकूला वाटले, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

"तात्या, भिंत झाकली जाईल."

"जाईल."

"कमी पडेल असं वाटत असेल, तर दोन हात उंच करतो. पण हा उकिरडा तिच्यापुढे कशाला?"

तात्या गाड्या मोजायला वळले. गुरूची आज्ञा म्हणून धाकूने मान खाली घातली. पण मनातून तो पेटला होता. आपले नाव झालेले म्हाताऱ्याला पाहवत नाही, असाही एक विचार त्याच्या मनात आला, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

गाड्या वाळूत येईनात. म्हणून गाडीपासून भिंतीपर्यंत चाळीस माणसांची रांग लागली. तात्यांनी धाकूला रांगेच्या शेवटी, भिंतीला पाठ लावून उभे केले. हातोहात धोंडे येत, आणि धाकू ते दात-ओठ खाऊन खाली आदळत असे. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी तात्या अचानक म्हणाले, "धाकू, आता धोंडा खाली टाकायचा नाही. पुढे दे."

"पुढे कोण आहे? मागे भिंत आहे."

"खाली टाकायचा नाही," तात्या पुन्हा म्हणाले. रांगेला त्यांनी हाताने खूण केली, की थांबू नका.

एक धोंडा धाकूने छातीशी धरला. दुसरा आला, तो त्यावर पेलला. तिसरा येताच त्याचे गुडघे वाकले, आणि तिन्ही धोंड्यांसकट तो भिंतीवर आपटून खाली बसला. कोपर सोलवटले. तात्या त्याच्याजवळ येऊन वाळूत टेकले.

"ही चाळीस माणसं. सकाळपासून यातलं कुणी जागचं हललं?"

"नाही."

"तरी गाडीतला धोंडा तुझ्या अंगावर आला. लाटही अशीच येते. तुला वाटतं, दूरचं पाणी धावत येऊन भिंतीला धडकतं. पाणी तिथल्या तिथेच डोलतं रे. शेजारच्या पाण्याला रेटा देतं आणि आपल्या जागी परततं. दूर कुठे तरी वाऱ्याने समुद्राला जोर दिला. तो जोर तेवढा हातोहात इथवर चालत येतो. वाटेत तो फारसा कुणी ठेवून घेत नाही. आणि रांगेच्या शेवटी उभी असते तुझी भिंत. तिने तो कुणाला द्यायचा?"

धाकूने मान वळवून भिंतीकडे पाहिले.

"थोडा ती अंगावर घेते, बाकीचा आल्या वाटेने परत फेकते. परतणारी लाट आणि येणारी लाट पायथ्याशी भिडतात आणि वाळू उकरतात. उंच केलीस, तर उंचावरून पडेल, इतकंच. जोर आपोआप नाहीसा होत नाही, धाकू. त्याला खर्च व्हायला जागा लागते. या उतारावर लाट अडखळेल, फुटेल. थोडा जोर फेसात जाईल, थोडा आवाजात, थोडा धोंडे हलवण्यात आणि घासण्यात. भिंतीशी पोचेल ते दमलेलं पाणी."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

तात्यांनी समुद्राकडे पाहिले. "तुझ्या वयाचा असताना मीही अशीच भिंत बांधली होती. ती पडली, तेव्हा तिच्या आड माझा भाऊ गुरं सोडवत होता."

रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या.

"मग पाया घालतानाच का नाही सांगितलंत?" धाकूने विचारले.

"सांगायला हवं होतं. सांगायचं, तर त्याचं नाव घ्यावं लागलं असतं. बारा वर्षांत तुला सगळं शिकवलं. एवढं एक तोंडातून निघालं नाही."

धाकू उठला. सोलवटलेले कोपर त्याने धोतराला पुसले आणि पुढच्या माणसापुढे हात पसरले. "दे," तो म्हणाला.

अमावास्येला भर दुपारी पाणी चढले. लाटा भिंतीएवढ्या उंच उठत होत्या, पण उतारावर येताच त्यांचे पाय अडकल्यासारखे होई. त्या फुटत, गर्जत, धोंडे खडखडवत, आणि मग पांढऱ्या पाण्याची एक पातळ चादर वर सरकून भिंतीला टेकून परत जाई. सारे गाव पाहत उभे होते. तीन तासांनी ओहोटी लागली.

दुसऱ्या दिवशी धाकू एकटाच गेला. पुष्कळ धोंडे घरंगळून दूर पडले होते. त्याने ते उचलून पुन्हा उतारावर आणायला सुरुवात केली. शेताच्या बाजूने भागीरथीमावशी आली. तिच्या मागे भात नुकते निसवले होते.

"धाकू, एवढी मेहनतीची भिंत तुझी, आता दिसतसुद्धा नाही. वाईट वाटत असेल ना रे?"

"वाटतं, मावशी," धाकू म्हणाला. मग तिच्या खांद्यावरून त्याने पलीकडे पाहिले. "पण लोंब्या दिसतात."