ठण् ठण् हंडा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नाव विचाराल तर मी सांगणार नाही, कारण ते मलाच ठाऊक नाही. राजाच्या नावावाचून आपलं काही अडत नाही. गोष्ट आहे एका तांबटाची आणि त्याच्या लेकीची.

त्या राज्यात नदीकाठी तांबट आळी होती. उजाडलं की घरोघरी ऐरणीवर हातोड्या पडायला लागायच्या. हंडे, कळश्या, घंगाळी घडायची. परका माणूस आळीत शिरला, तर कानांत बोटं घालून पळत सुटायचा. पण तिथली तान्ही पोरं त्याच ठणठणाटात गाढ झोपायची आणि जागी झाली की त्याच ठेक्यावर बसल्या जागी डुलायची. काय ते दिवस होते! आता आळीही नाही आणि तो ठेकाही नाही.

आळीतला सगळ्यांत तरबेज तांबट म्हणजे केरोबा. त्याचं एक घंगाळ राजाला इतकं आवडलं, की राजानं त्याला डोंगरावर मोठं घर बांधून दिलं. केरोबा बायकोला, येसूला, घेऊन तिथं राहायला गेला आणि वर्षाच्या आत त्यांना मुलगी झाली. तिचं नाव ठकू.

लेकीवर केरोबाचा भारी जीव. तो येसूला म्हणाला, "जन्मभर माझ्या कानांत हातोडी वाजली गं. माझ्या ठकूच्या कानांवर कसलाही गोंगाट पडता कामा नये."

झालं! दारांच्या कड्यांना चिंध्या गुंडाळल्या गेल्या. येसूनं पैंजण काढून ठेवले. जमिनीवर मऊ गालिचे अंथरले. ठकूनं कधी वाटी आपटलीच, तर घरातलं कुणीतरी धावत यायचं, "श्श!" म्हणायचं आणि वाटी काढून घ्यायचं. प्रेमानंच हो सगळं. पण प्रेमानं चूक केली, तरी ती चूकच.

ठकू वाढली, गुटगुटीत झाली, पण उभी काही राहीना. तिच्या बरोबरीची पोरं अंगणं पालथी घालायला लागली आणि ही गालिच्यावर नुसती बसून. टाळी वाजवायची नाही, डुलायची नाही, खुदकन हसायचीसुद्धा नाही. लोक कुजबुजले, "पोर पांगळी दिसते." ते येसूच्या कानांवर गेलं आणि तिनं वैद्यबुवांना बोलावणं धाडलं.

वैद्यबुवा आले. त्यांनी पाय दाबून पाहिले, गुडघे वाकवून पाहिले. म्हणाले, "हाडं भक्कम आहेत. पोरीला उठावंसंच वाटत नाही, त्याला मी कोणतं चाटण देऊ?"

मग केरोबानं दरबारचे गवईबुवा बोलावले. बुवांनी बैठक मांडली आणि लांबलचक आलाप घेतला. ठकूनं त्यांच्या मिशांकडे टक लावून पाहिलं आणि जांभई दिली. बुवा रागावून निघून गेले. मग कळसूत्री बाहुल्या नाचवणारा आला. बाहुल्या नाचल्या, ठकू जागची हलली नाही.

त्या संध्याकाळी येसूच्या डोळ्यांना धार लागली. "अहो, आपली पोर कधी चालायचीच नाही का हो?"

तेवढ्यात केरोबाला स्वतःचा बाप आठवला. काम आटोपलं की बाप त्याला आपल्या पावलांवर उभं करायचा, दोन्ही हात धरायचा आणि गाणं म्हणत खोलीभर फिरवायचा. केरोबा त्या ठेक्यावरच चालायला शिकला होता. केरोबा लहान असतानाच बाप वारला. गाण्याची पहिली ओळ तेवढी केरोबाच्या ध्यानात राहिली होती:

ठण् ठण् हंडा, कुठं गं चालला?

पुढं काय? पुढचं काही केल्या आठवेना. केरोबाच्या मनानं घेतलं, की त्या पुढच्या ओळीतच औषध आहे. दिवस उजाडताच तो डोंगर उतरून तांबट आळीत गेला.

पहिल्याच घरी म्हातारी काकू भेटली. ती म्हणाली, "हे रे काय विसरलास? 'नदीवर गेला, न्हाऊन आला.'" समोरचा म्हातारा ओट्यावरून ओरडला, "काहीतरीच! 'मामाकडं गेला, लाडू खाऊन आला.' तुझ्या बापाच्या तोंडून ऐकलंय मी!" तिसरा म्हणाला, "दोघांनाही म्हातारचळ लागलाय. 'चिंचेखाली बसला, उगाच रुसला,' असं आहे ते." तिघं हमरीतुमरीवर आली. केरोबानं कपाळाला हात लावला.

शेवटी तो हरबाकाकाकडं गेला. हरबाकाका म्हणजे त्याच्या बापाचा जोडीदार, एकाच ऐरणीवर काम केलेला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हातातली हातोडी खाली ठेवली.

"केऱ्या, तुझा बाप रोज नवीनच काहीतरी म्हणायचा. त्याचं त्यालाच दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही. आणि गळा? अरे, तो गायला लागला की कावळे उडून जायचे!"

"मग खरं गाणं कुठलं, काका?"

"खरं गाणं नव्हतंच रे. पण अंग कितीही मोडून आलेलं असो, तुला पावलांवर घेतल्याशिवाय तो जेवायला बसला नाही. तू मात्र पोरीसाठी गवई आणलास. स्वतः कधी नाचलास का तिच्याबरोबर?"

केरोबाची मान खाली गेली. बापाची राठ, तांब्यानं काळवंडलेली बोटं त्याला आपल्या तळहातांत जाणवली आणि तो तिथंच, भर आळीत, लहान पोरासारखा रडला. रडू द्या. बापाच्या आठवणीनं रडायला लाज कसली?

घरी येताच त्यानं जोडे भिरकावले आणि गालिचा गुंडाळून भिंतीला लावला. ठकूला उचलून आपल्या पावलांवर उभं केलं, तिच्या मुठीत आपली बोटं दिली आणि भसाड्या आवाजात सुरू केलं:

ठण् ठण् हंडा, कुठं गं चालला?
डोंगरावर गेला, गप्प गप्प झाला!

येसूनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, तिलाच कळेना. मग तिनं स्वयंपाकघरातून झाकण आणि पळी आणली आणि ठेका धरला. ठण् ठण्! ठण् ठण्! ठकू दचकली. तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं, आईच्या हाताकडं पाहिलं आणि एकदम खुदकन हसली.

त्या दिवशी ती चालली नाही बरं का. उगाच थापा मारणार नाही मी. पण रोज संध्याकाळी ते नाचू लागले. गाण्यातला हंडा कधी बाजाराला जायचा, कधी त्याला खोकला व्हायचा. येसूनं पैंजण पुन्हा घातले. आधी ठकू बसल्या जागी डुलायला लागली. मग खांब धरून उभी राहिली. आणि एके दिवशी केरोबा कामावरून येऊन दारातच हातपाय धूत होता. ठकूला काही तेवढा दम निघाला नाही. खांब सोडून, डुगडुगत, पडत-झडत ती थेट बापाच्या ओल्या पावलांवर येऊन उभी राहिली. वर बघून म्हणाली, "ठण्!"

वर्षं लोटली. केरोबा थकला, ओट्यावर बसून राहायला लागला. ठकू माहेरपणाला आली, की आपल्या लेकाला पावलांवर घेऊन अंगणात फिरायची:

ठण् ठण् हंडा, कुठं गं चालला?
आजोबांना भेटला, गोड गोड हसला!

"ही ओळ कुठली गं, ठकू?" केरोबानं विचारलं.

"अहो बाबा, हीच तर तुम्ही म्हणायचात!"

केरोबानं ती ओळ जन्मात म्हटली नव्हती. तो नुसता पायानं ठेका धरून बसला.

म्हणून सांगतो, लेकराला नाचवायला गोड गळा लागत नाही, आईबापानं स्वतः उठून त्याचे हात धरावे लागतात.