कासवाची पायरी

एक होता राजा. राज्य त्याचं एवढंसं, एका गावापुरतं. त्या गावात होती एक बारव. बारव म्हणजे पायऱ्या उतरून जायची विहीर, बरं का. तिच्या तळाशी एक म्हातारं कासव राहायचं. खालच्या एका पायरीवर त्याचं चित्र कोरलेलं होतं. त्या पायरीखालचं पाणी कासवाचं. तिथं घागर बुडवायची नाही, असा गावाचा नेम होता.

मग काय झालं, आसपासच्या मुलखात पाऊस पडेना. एका वर्षी कोष्टी आले. राजा म्हणाला, राहा. दुसऱ्या वर्षी तेली आले. त्यांनाही म्हणाला, राहा. तिसऱ्या वर्षी डोंगरापलीकडची माणसं आली, पोरंबाळं आणि शेळ्या घेऊन. राजा म्हणाला, तुम्हीही राहा. पण बारवेचं पाणी एकेक पायरी उतरत गेलं आणि कासवाच्या पायरीला टेकलं.

गावकरी म्हणाले, महाराज, शेवटी आले त्यांनी आता निघावं. राजाला वाईट वाटलं. पण करतो काय? उद्या सकाळी डोंगरापलीकडच्यांना वेशीबाहेर पोचवायचं ठरलं.

राणी मैनावतीला जेवण जाईना. ती बारवेत उतरली. कासवापुढे हात जोडून म्हणाली, "कासवबाबा, पाणी गेलं कुठं?"

कासवानं मान बाहेर काढली. "बाई, पाणी मातीतून चालत घरी येतं. दगडावर सांडलं की वाट चुकतं. घागरीच्या मागं जाऊन बघ."

मग राणी घागरींच्या मागं निघाली. पहिली गेली राजाच्या स्नानाला. राजानं नुकतीच अंगणभर फरशी घातली होती. पाणी फरशीवर पसरलं आणि उन्हात सुकलं. दुसरी गेली पाटलांकडे. राजाचं बघून त्यांनीही फरशी घातलेली. तिथंही तेच.

तिसरी गेली डोंगरापलीकडच्या सुंद्राच्या खोपटात. तिनं तांदूळ धुतले. त्याच पाण्यात भांडी विसळली. मग तेच पाणी दारच्या अळवाला घातलं. तेवढ्यात तिला राणी दिसली.

"या, राणीसाहेब. पायांवर पाणी घ्या. पण अळवात उभं राहून घ्या हं. तुमचंही होईल, त्याचंही भागेल."

राणी हसली आणि अळवात उभी राहिली. तळव्यांना गार, ओली माती लागली. घरी आल्यावर ती राजाला म्हणाली, "उद्या कुणाला घालवायचं नाही. उद्या फरशी उचलायची."

"आणि मी स्नान कुठं करू?"

"केळीखाली."

झालं. सकाळी राजाचा पाट मांडला परसातल्या केळीच्या बुंध्याशी. कुंपणापलीकडून सगळा गाव बघतोय, पोरं खिदळताहेत. पाटील म्हणाले, महाराजांना आता केळफूल येणार. राजाही हसला. अर्ध्या घागरीत त्याचं स्नान उरकलं. मग पाटलांनी आपली फरशी उचलली. मग साऱ्या गावानं. आळीआळीला पाण्याची पाळी लागली, आणि डोंगरापलीकडच्यांचीही त्यात धरली.

पाणी लगेच नाही आलं हं. चालत येतं ना ते, त्याला वेळ लागतो. गाव कुरकुरलं. राजा म्हणाला, थांबू थोडं. आणि एका सकाळी सुंद्रा घागर घेऊन बारवेत उतरली, तर कासवाची पायरी दिसेचना. ती पाण्याखाली गेली होती. सुंद्रानं घागर बाजूला ठेवली, पाण्याला हात लावला आणि म्हणाली, "आलंस घरी. बरं झालं."

तेव्हापासून त्या गावात घागर बुडवण्याआधी सगळे एवढं म्हणतात. कुणाला वेस ओलांडावी लागली नाही. आळ्या वाढल्या, अळूही वाढलं, आणि कासव निवांत झोपलं.

आता तुम्हीही झोपा. तो उशाशी तांब्या आहे ना, त्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. तुमचे आजोबा रोज सकाळी ते जास्वंदीला घालायचे. आता मी घालते. कालच तिला कळी आली आहे. उद्या उठलात की दाखवीन.